भरीव बॅरलच्या नादातून सोडवलंत, थँक्यू काका!

काका, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, टार्गेट लाव" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

माझं तर ठरलंच होतं. .२२ चं (म्हणजे .२२ इंची बारीक गोळीचं) टार्गेट रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर सहा इंची बॅरलचं आणि बॅरलखाली पार तोंडापर्यंत भरीव लग, म्हणजे लोखंडी पट्टा, असलेलं, स्मिथ अँड वेसनचं ६१७ नाहीतर तसलंच काहीतरी. दिसायला दणकट, आणि जड म्हणजे स्थिर, एवढंच गणित डोक्यात. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, "अरे .२२ ला रिकॉइल, म्हणजे मागे बसणारा धक्का, आहेच किती? मग ते वजन नक्की कशाला पाहिजे तुला?" आणि मला उत्तर देता येईना.

मग तुम्ही तुमचं डॅन वेसन काढलंत, ते बॅरल आणि त्यावरचं कवच बदलता येणारं रिव्हॉल्व्हर. सिलिंडर उघडून सगळे चेंबर रिकामे आहेत हे आधी मला दाखवलंत, मग स्पॅनरने तोंडाकडचा नट सोडवून बॅरलवरचा श्राउडच (हे बाहेरचं कवच) बदललात, एकदा साधा, एकदा भरीव. दरवेळी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून सिलिंडर आणि बॅरलमधली फट परत लावायची, मागच्या साइटचे क्लिक परत फिरवायचे, आणि एवढी खटपट माझ्यासारख्या नवशिक्यासाठी! पण त्यामुळे फ्रेम तीच, ट्रिगर तोच, ग्रिप तीच, बदललं ते फक्त हाताच्या पुढे लटकणारं वजन. मी आपला वेगवेगळी रिव्हॉल्व्हरं हातात घेऊन तुलना करत होतो आणि त्यात नेमकं काय आवडलं तेच कळत नव्हतं.

भरीव श्राउडवर पहिले तीन शॉट झकास. फ्रंट साइट संथ डुलते, लोक म्हणतात ते खोटं नाही. पण मी एका हाताने मारतो आणि एकेका शॉटला उगाच वेळ लावतो, चौथ्या-पाचव्याला खांदा भरून आला आणि गोळ्या टार्गेटवर खाली, घड्याळातल्या सहाच्या बाजूला, घसरायला लागल्या. इतके महिने मी ट्रिगर झटकतोय म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होतो हो! साध्या श्राउडवर साइट जास्त थरथरते, बघून आधी घाबरायलाच झालं, पण थरथर बारीक होती आणि पाचवी गोळीसुद्धा पहिल्या चौघींच्या जवळच बसली.

तुम्ही सांगितलेली के-२२ ची, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या जुन्या .२२ टार्गेट रिव्हॉल्व्हरची, गोष्ट तर मी आता सगळ्यांना ऐकवतो. एकाच मापाच्या सिलिंडरला आणि बॅरलला .२२ ची भोकं बारीक, म्हणजे लोखंड जास्त शिल्लक राहतं आणि .२२ उलट .३८ पेक्षा जड होतं. म्हणून महायुद्धानंतरच्या मास्टरपीस मालिकेत बॅरलवरच्या रिबची (वरच्या उभट पट्टीची) रुंदी कमीजास्त करून के-२२, के-३२ आणि के-३८ तिन्ही गोळ्या भरल्यावर साडेअडतीस औंसांच्या आसपास आणली, हाताला फरक कळू नये म्हणून. वजनाचा एवढा विचार झालेला, आणि आम्ही फोटो बघून बॅरल पसंत करणार.

चार इंची बॅरलचं पण मारून बघितलं, उचलायला मस्त, पण दोन साइटमधलं अंतर कमी असल्याने चूक डोळ्याला दिसत नाही आणि थेट कागदावर दिसते. ते माझं काम नाही.

आणि तुम्ही भरीव बॅरलला नावं ठेवली नाहीत हे मला फार आवडलं. दोन्ही हातांनी धरणाऱ्याला किंवा डबल ॲक्शन (ट्रिगर ओढूनच घोडा चढवून) मारणाऱ्याला ते वजन उपयोगी पडतं म्हणालात, कारण .२२ सारख्या रिमफायर काडतुसाला कडेवर, म्हणजे रिमवर, ठोका जोरात लागतो, त्यामुळे ट्रिगर जड, आणि पुढे वजन असलं की ओढताना तोंड कमी हलतं. पटलं. मी सिंगल ॲक्शनवाला, घोडा आधी हाताने चढवून मारणारा, म्हणून शेवटी स्मिथ अँड वेसनचंच लग नसलेलं जुनं सहा इंची मॉडेल १७ घेतलं. त्याची लाकडी ग्रिप मला जरा मोठी होते, बोटाचं टोक ट्रिगरवर नीट पोचत नाही, त्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

आणि हो, त्या दिवशी आवराआवर करताना तुमचं फीलर गेज माझ्या डब्यात आलंय. शोधत बसू नका, रविवारी आणतो.