कुंभार्ली घाटात आमची गाडी न ओढल्याबद्दल, क्रेनवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं होतं आणि तुम्ही सांगितलंही होतं, पण पावसात आणि गडबडीत ते डोक्यात राहिलं नाही. नंबर सेव्ह केला होता तो फोनसकट पाण्यात गेला, म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. कोणीतरी पाटण कोयनानगर भागातला वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. हेळवाकच्या पुढे घाट सुरू होतो तिथे गेल्या श्रावणात एक जुनी काळी मर्सिडीज बंद पडलेली, आत एक म्हातारी आई, बायको आणि एक वैतागलेला माणूस, तो वैतागलेला मी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो काय झालं. गाडी 1996 ची, मर्सिडीजचं डब्ल्यू 124 मॉडेल, ऑटोमॅटिक. बाबांनी सेकंडहँड घेतलेली, त्यांच्यानंतर मी जपतोय, जपतोय म्हणजे पॉलिश करतो हो, कारण मेकॅनिक दोन वर्ष सांगत होता की पुढचा बेल्ट बदलून घ्या आणि मी दोन वर्ष हो म्हणत होतो. तो बेल्ट त्या दिवशी तुटला. एकाच बेल्टवर अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंग सगळं, त्यामुळे एका झटक्यात बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला आणि मी घाबरून इंजिन बंद केलं ते बरोबर त्या वळणाच्या तोंडावर. वर धुकं, खाली धुकं, मधून ट्रक.

तुम्ही यायच्या आधी तीन जण येऊन सल्ला देऊन गेले होते. तिघांचं एकच म्हणणं, न्यूट्रल टाका आणि ओढा, काय होतंय! एक पिकअपवाला तर दोर काढून तयार, थेट कराडपर्यंत नेऊन सोडतो म्हणाला, आणि खरं सांगू का, मी हो म्हणणारच होतो. पुण्याहून काकांचा फोन, धक्का मार आणि चालू कर. (काका, पन्नास साठच्या दशकातल्या काही ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला चाकांवर फिरणारा दुसरा ऑइल पंप असायचा, त्या धक्क्यावर चालू व्हायच्या. आपली होत नाही. आता कळलंय मला.)

मग तुम्ही आलात, ती हूकवाली क्रेन घेऊन. मला वाटलं सुटलो, आता हे पुढून उचलतील आणि चाललो आपण. आणि तुम्ही हूकला हातच लावला नाहीत. पहिला प्रश्न, "सायेब, गिअर ऑटोमॅटिक हाय का?" दुसरा, "वढतं कुठलं चाक, पुढचं का मागचं?" आता बघा, एवढी वर्ष गाडी चालवतोय, पॉलिश करतोय, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला छातीठोकपणे देता आलं नाही. तुम्ही पोत्याचा तुकडा टाकून त्या चिखलात गाडीखाली शिरलात, मोबाईलचा टॉर्च लावला आणि मलाही वाकून बघायला लावलंत. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेला तो लांब शाफ्ट, म्हणजे ओढणारी चाकं मागची. "हिला पुढनं उचलली तर मागची चाकं रस्त्यावर फिरणार, चाकं हा दांडा फिरवणार आन् दांडा गिअरबॉक्स फिरवणार. इंजन बंद हाय ना? मग त्यातलं त्याल फिरवायचं कुणी?"

मी म्हणलं अहो पण न्यूट्रल आहे ना. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी आजपर्यंत किमान वीस लोकांना सांगितलंय. "सायेब, विहिरीवरची मोटर बंद हाय आन् तुमी म्हणताय ऊस भिजतोय."

बस. एवढ्यात समजलं. ऑटोमॅटिकचा ऑइल पंप इंजिनवर फिरतो, चाकांवर नाही. न्यूट्रल टाकलं म्हणजे इंजिनचा आणि चाकांचा संबंध तुटला, पण गिअरबॉक्सचा मागचा अर्धा भाग चाकांबरोबर फिरतच राहतो, तोही कोरडा. बुश, बेअरिंग, क्लच प्लेटा सगळं तापत जातं, बाहेर काही आवाज नाही, वास नाही, आणि कराडला पोचल्यावर गाडी दिसायला जशीच्या तशी. इंजिन चालू ठेवून ओढली तर, असंही मी विचारलं होतं, आठवतंय? तेव्हा तुम्ही नुसतं तुटक्या बेल्टकडे बोट दाखवलंत. पाणी फिरत नाही तर इंजिन उकळणार. बरोबर आहे, मी ओशाळलो.

नंतर घरी येऊन गाडीचं जुनं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. टोइंगचं अख्खं पान आहे त्यात! मग नादच लागला, मित्रांच्या जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांची मॅन्युअलं चाळली. बऱ्याच ठिकाणी असंच की न्यूट्रलमध्ये, ताशी 50 च्या आसपास, आणि अंतर मोजकंच, त्यापुढे न्यायची तर शाफ्ट सोडवून ठेवा नाहीतर मागची चाकं उचला. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, एकाचे दुसऱ्याला लावू नयेत. आणि आम्ही निघालेलो चिपळूणला, पण गाडी तर परत पुण्याला न्यायची होती, दोनशेच्या वर किलोमीटर.

मागून उचलायचं का यावर तुम्ही विचार केलात तेही मला आवडलं, लगेच नाही म्हणाला नाहीत. पुढची चाकं मोकळी असतात त्यामुळे गिअरबॉक्सला धोका नाही, पण मग स्टिअरिंग सरळ बांधून टाकावं लागतं, नुसत्या किल्लीच्या लॉकवर भरवसा नाही, आणि तुमच्याकडे चाकं उचलायचा पाळणा नव्हता, हूक होता. हूकने बंपर चेपला असता. "माझं भाडं व्हईल, पर तुमची गाडी जाईल," असं म्हणून तुम्ही स्वतःच फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवाल्याला, फोन लावलात. म्हणजे स्वतःचं भाडं स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिलंत. आमच्या इन्शुरन्सच्या मदत क्रमांकावरची ताई तोपर्यंत मला लोकेशनचा पिनकोड विचारत होती.

फक्त त्या वळणावरून हलवायला तुम्ही गाडी ओढलीत, तीनशे मीटर असेल, वरच्या टपरीपर्यंत. तेवढ्यालाही घाई नाही. टोइंगची कडी शोधून तिलाच पट्टा लावलात, किल्ली ऑन ठेवायला लावलीत म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, हॅझर्ड लावा म्हणालात, आणि बजावलंत की ब्रेक दोनतीन दाबानंतर लाकडासारखा होईल, पाय पूर्ण ताकदीने टाका, पट्टा ढिला पडू देऊ नका. झालंही तसंच. एवढा जड ब्रेक मी जन्मात दाबला नव्हता, मांडी दोन दिवस दुखत होती. तुम्ही माणसाच्या चालीने ओढत होतात, मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि तुम्ही खिडकीतून हात काढून त्यांना थांब थांब करत होतात. वर पोचल्यावर मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावलात आणि मग म्हणालात, आता पार्कमध्ये टाका.

आई आणि बायको चिपळूणच्या एसटीत बसून पुढे गेल्या, कंडक्टरने आईला पुढची सीट दिली. फ्लॅटबेड तीन तासांनी आला, विंचने गाडी वर घेतली, चारही चाकांना पट्टे. तोपर्यंत तुम्ही तिथेच होतात. क्रेनचे पैसे द्यायला गेलो तर म्हणालात उचलली कुठं, आणि दोन चहा आणि एका भज्याच्या प्लेटवर हिशोब मिटवलात.

पुण्यात बेल्ट, टेन्शनर बदलून झालं. मेकॅनिकने गाडी गरम करून गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि मला दाखवली. तेल लालभडक, जळका वास नाही. दोराने आणली असती तर काय, असं विचारलं तर त्याने फक्त मान हलवली आणि असा गिअरबॉक्स उघडायचा खर्च सांगितला, तो इथे लिहीत नाही, आईपण हे वाचते.

एक राहिलंच. तुमचा तो लाकडी ठोकळा आमच्या डिकीत आलाय, निळ्या रंगाने 3 लिहिलेला. म्हणजे 1 आणि 2 तुमच्याकडे असणार. गणपतीला चिपळूणला निघू तेव्हा त्याच टपरीवर थांबतो, सकाळी दहाच्या सुमारास. नसलात तर टपरीवाल्याकडे ठेवून जाईन. पण असा. भजी या वेळी माझ्याकडून, दोन प्लेट.