बिलासाठी आधारची झेरॉक्स कशाला?

महोदय,

मी फोंड्याचा. इलेक्ट्रिकची कामे कंत्राटावर घेतो. पर्वरी, दोनापावला, आसगाव, शिवोली या भागांतली कॉम्प्लेक्स आणि बंगले यांतच आमची बहुतेक कामे असतात. हल्ली दर ठरायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘आधार, पॅन आणि कॅन्सल चेक पाठवून द्या.’ कशासाठी हवेत, किती दिवस ठेवणार, काम मिळाले नाही तर त्या कागदांचे काय होणार, हे कोणी सांगत नाही. विचारले तर समोरच्याला राग येतो, आणि काम जाईल या भीतीने आमच्यातले बहुतेक जण विचारतच नाहीत.

ओळख विचारू नये असे मी मुळीच म्हणत नाही. घरात म्हातारी माणसे एकटी असतात, मालक मुंबई-दिल्लीला असतो. येणारा माणूस कोण हे पाहायलाच हवे. कार्ड पाहा, चेहरा ताडून घ्या, नाव आणि मोबाईल नंबर रजिस्टरात लिहा. माझा आक्षेप आहे तो कार्डाची नक्कल ठेवून घेण्याला.

एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमनने माझ्याबरोबरच्या मुलाच्या आधारचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढला आणि तिथेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर फ्लॅटमालक आहेत, भाडेकरू आहेत, सोडून गेलेले भाडेकरूही असतील. वॉचमन एजन्सीचा, एजन्सी बदलली की तो जाणार आणि फोटो त्याच्या मोबाईलबरोबर जाणार. दुसऱ्या एका सोसायटीच्या ऑफिसात टेबलावरच्या कागदावर पाण्याच्या टँकरच्या खेपा लिहिलेल्या होत्या. कागद उलटला तर ती कुणा प्लंबरच्या आधारची झेरॉक्स. नाव, जन्मतारीख, पत्ता, बाराच्या बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते. मी तो कागद सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनाही वाईट वाटले, त्यांनी लगेच फाडून टाकला. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण तो कागद सांभाळायची जबाबदारीही कुणावर नव्हती.

पॅनचा नंबर मागणे रास्त आहे. एका कामाचे बिल तीस हजारांच्या किंवा वर्षाची बिले मिळून एक लाखाच्या वर गेली, की सोसायटी किंवा कंपनीला आमच्या बिलातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापावा लागतो. पॅन दिला नाही तर तीच कपात वीस टक्के होते. तेव्हा नंबर आम्ही बिलावरच छापतो. पण टीडीएस भरायला नंबर पुरतो. कार्डाची झेरॉक्स दिली की जन्मतारीख, वडिलांचे नाव, फोटो आणि सहीसुद्धा हातात जाते. जोडीला आधार असले, की आमच्या नावाने कर्जाचा अर्ज करू पाहणाऱ्याला आणखी फारसे काही शोधावे लागत नाही. कॅन्सल चेकचेही तसेच. खाते नंबर आणि आयएफएससी कोड कळावा एवढाच त्याचा उपयोग, त्यावर सही लागत नाही. तरी ‘सही करून द्या’ म्हणणारे भेटतात.

आधारच्या बाबतीत तर मार्ग कधीचा उपलब्ध आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार फुकट उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. नाव आणि फोटो असतोच. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळूर कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, असे पत्रक काढले होते. गैरसमज होईल म्हणून केंद्राने ते दोनच दिवसांत मागे घेतले, पण मास्क्ड आधारची सोय कायम आहे. तरीही मी ते पुढे केले की ‘हे चालणार नाही, पूर्ण नंबर दिसला पाहिजे’ असे ऐकावे लागते. पूर्ण नंबर घेऊन सोसायटी करणार काय? खासगी संस्थांना आधारचा वापर करू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. त्यानंतर कायद्यात बदल होऊन बँका आणि मोबाईल कंपन्यांना ग्राहकाच्या खुशीने आधार वापरण्याची वाट मिळाली. कॉम्प्लेक्सच्या गेटवर आधारची नक्कल जमा करा, असे त्यात कुठेही नाही.

मला जास्त काळजी माझ्या हाताखालच्या मुलांची वाटते. खानापूर, चंदगड, सावंतवाडीकडून आलेली ही मुले. माझी कागदपत्रे मी एकवेळ अडवून धरीन, त्यांना ते जमत नाही. रोज वेगळे गेट, रोज नवा फोटो. आपल्या कागदांवर दुसऱ्याने सिम घेतले नाही ना हे तपासायला, आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, हेही त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नाही. प्रत्येक कंत्राटदाराने आपल्या माणसांना ते एकदा उघडून दाखवावे. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेही सांगून ठेवावे.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती ज्या कामासाठी घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर ती पुसून टाकायची, हे त्यात आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर थांबण्याचे काही कारण नाही. राज्याच्या सहकारी संस्था निबंधकांनी सोसायट्यांसाठी एक साधे परिपत्रक काढावे: गेटवर कार्ड पाहून परत द्यावे, मास्क्ड आधार नाकारू नये, वॉचमनच्या खासगी मोबाईलवर फोटो काढू नयेत. सोसायट्यांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि फाइलींत पडून असलेल्या जुन्या झेरॉक्स व ग्रुपवरचे फोटो त्याच आठवड्यात नष्ट करावेत.

आपला,
एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार, फोंडा-गोवा