चिठ्ठीवरच्या त्या नावाबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात लिहू नये, असे तुम्ही फोनवर सांगितलेत आणि तुमच्या कासव उपचार केंद्राचेही नाव नको म्हणालात, म्हणून दोन्ही गाळते आहे. पत्र चारचौघांत वाचले जावे हा हट्ट मात्र मी सोडलेला नाही. ज्यांनी आम्हाला वाईट वागवले त्यांच्याविषयी आम्ही गावभर बोललो; मग ज्याने नीट वागवले त्याला खाजगीत चार ओळी लिहून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

माझे वडील पालघरजवळच्या सातपाटीचे मच्छीमार. वयाच्या बाराव्या वर्षी ते होडीवर गेले आणि गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत समुद्रावरच राहिले. आता ते ओट्यावर बसून भाच्याची जाळी सांधतात. मी शिक्षिका झाले, चष्मा लावून प्रमाण मराठीत बोलू लागले, त्यामुळे आमच्या घरात 'शिकलेली' मी आणि 'अडाणी' बाबा अशी एक वाटणी कधी होऊन गेली ते कळलेही नाही. ती तुमच्या केंद्रात मोडली, म्हणून हे पत्र.

त्याआधीचे दोन प्रसंग सांगितल्याशिवाय तुम्ही केलेल्या गोष्टीचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही. काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या बंधाऱ्याजवळ एक कासव लागले होते. जिवंत होते, पुढचा पाय जाळ्याच्या तुकड्यात आवळून काळा पडला होता. बाबांनी एका कार्यालयात फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "जाळे कोणाचे?" दुसरा प्रश्न बाबांच्या पूर्ण नावाचा आणि तिसरा बोटीच्या नंबरचा. कासव कसे आहे, हे कोणी विचारले नाही. बाबा आणि शेजारची दोन पोरे दिवसभर त्याच्या पाठीवर ओली गोणपाटे घालत बसली. कोणी आले नाही. संध्याकाळी ते मेले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बाबांना आपल्या नावाने कागद येतो की काय याची धास्ती होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समुद्री कासव आहे हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. त्या कायद्याखाली मदत करणाऱ्याला काय स्थान आहे, हे मात्र समजावून सांगायला कोणी फिरकत नाही. परिणाम असा होतो की जाळ्यात आलेल्या कासवाला हळदकुंकू लावून, हात जोडून सोडणारी माणसेसुद्धा जखमी कासव दिसले की तोंड फिरवतात.

दुसरा प्रसंग मुंबईतल्या एका प्रदर्शनाचा. समुद्री जीवांविषयी होते, म्हणून मी हौसेने बाबांना नेले. माहिती सांगणाऱ्या तरुणाने आम्ही कुठले ते विचारले आणि उत्तर ऐकताच जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, यांच्या जाळ्यांमुळेच हे घडते." लोक हसले नाहीत, पण त्यांनी वळून पाहिले. बाबांनी टोपी काढून खिशात ठेवली. परतीच्या गाडीत विरारपर्यंत आम्ही उभे होतो. विरारनंतर जागा झाली, बसलो, तरी पालघर येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणूनच मागच्या पावसाळ्यात पुन्हा कासव लागले तेव्हा बाबा पुढे झाले नाहीत. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला तो शेजारच्या मुलाने. पुढे काय काय झाले, कोण कोणत्या गाडीने आले, ते सगळे इथे लिहीत बसत नाही. एवढेच लिहिते की तुम्ही वाळूवर उतरलात आणि लांब उभ्या असलेल्या बाबांकडे पाहून पहिला प्रश्न विचारलात, "काका, हे भरतीला आले की ओहोटीला?" बाबा चार पावले पुढे आले. भरती केव्हाची, वारा कुठला, कासव आले तेव्हा मान उचलत होते की नाही, सगळे त्यांनी सांगितले आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेतलेत. त्या वहीत बाबांचे नाव नव्हते, हे त्यांनी घरी आल्यावर मला दोनदा सांगितले.

पौषात मी चौथीची मुले घेऊन तुमच्या केंद्रात आले, तेव्हा बाबा "कासव बघून येतो" म्हणून सोबत निघाले. ते कासव निळ्या टाकीत होते. ऑलिव्ह रिडलेची मादी, पुढचा डावा पाय खांद्यापासून काढलेला, आणि अजून थोडी कुशीवर कलून तरंगणारी. कासव पाण्यात राहते पण श्वास हवेतला घेते, त्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते पाण्यातच गुदमरून मरते, हे तुम्ही मुलांना नाक दाबून धरायला लावून समजावलेत. माझ्या वर्गातला सर्वांत वांड मुलगा त्यानंतर पाच मिनिटे गप्प होता. या चमत्काराचे आभार वेगळे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ साली अंडी घालायला आपल्या गुहागरला आली, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मुले "बापरे" म्हणाली. बाबा मागून हळूच म्हणाले, "वाटेत किती जाळी चुकवली असतील तिने." तुम्ही तेवढ्या गर्दीतून ते ऐकलेत आणि मुलांना मोठ्याने पुन्हा सांगितलेत.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

टाक्यांच्या मागच्या भिंतीवर एक फळी आहे. कासवांच्या अंगावरून सोडवलेले जाळ्यांचे तुकडे तिच्यावर खिळ्यांना अडकवलेले आहेत आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी आहे. मुले टाकीभोवती होती, तेव्हा बाबा हात पाठीमागे बांधून त्या फळीसमोर उभे होते. एका जाड हिरव्या तुकड्याखाली 'पापलेटचे जाळे' असे लिहिलेले होते. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले गेले होते, त्यामुळे त्या शब्दापाशी बाबांचे डोळे थांबणे स्वाभाविक होते. ते मला म्हणाले, "हे पापलेटचं नाही." आणि मी, त्यांची शिकलेली मुलगी, "बाबा, जाऊ द्या, लोक बघतायत," असे म्हणून त्यांना गप्प केले. प्रदर्शनातल्या त्या तरुणाला मी इतकी वर्षे नावे ठेवली, पण त्या क्षणी त्याचेच काम मी करत होते.

तुम्ही टाकीपाशी होतात. तिथून आलात आणि विचारलेत, "मग कशाचं आहे, काका?"

त्यानंतरची पंधरा मिनिटे मला आयुष्यभर पुरतील. बाबांनी आधी तो तुकडा बोटांत चुरडून पाहिला. डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचा असेल का, असे स्वतःशीच म्हणाले आणि धाग्याची वीण पाहून नाही म्हणाले. मग त्यांनी बादलीभर पाणी मागितले. तुम्ही मुलांना बोलावलेत, स्वतः कात्री आणलीत, आणि बाबा सांगतील त्या दोन तुकड्यांचे धागे कापून त्यांच्या हातात दिलेत. बाबांनी दोन्ही धागे मुठीत भिजवून, हवा राहू नये म्हणून पिळून, बादलीत सोडले. नायलॉनचा धागा तळाला गेला, हिरवा वर तरंगत राहिला. पापलेटचा वागरा, म्हणजे पापलेट धरायचे जाळे, नायलॉनचा असतो, तो बोयांनी, म्हणजे तरंगत्या गोळ्यांनी, तोलून धरावा लागतो, बोये सुटले की बुडतो. हा हिरवा धागा वेणीसारखा गुंफलेल्या पॉलिथिलीनचा, ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे तळाशी ओढायच्या जाळ्याचा, तो पाण्याहून हलका. तळाच्या खडकाला अडकून जाळे फाटले की तुटलेला तुकडा वर येतो आणि महिनोन् महिने समुद्रावर हिंडतो. त्यावर शेवाळ चढते, त्याच्या सावलीला लहान मासे जमतात आणि तिथे कासव येते. कोणाच्या ट्रॉलरचा, कुठल्या बंदराचा, हे मात्र देवसुद्धा सांगू शकणार नाही, असेही बाबांनी सांगून टाकले.

एका मुलीने विचारले, "म्हणजे तुमच्या जाळ्यात कासव अडकत नाही?" मला वाटले बाबा आता बाजू सावरतील. ते म्हणाले, "अडकते. खोटे कशाला बोलू? सुटून गेलेला वागरा खाली जाऊन तिथेच मारत राहतो, कोणाला दिसत नाही एवढेच." तुम्ही मधे बोलला नाहीत. कोणाची चूक मोठी, याचा हिशेब मांडायची उत्तम संधी होती, आणि ती तुम्ही घेतली नाहीत, याबद्दलही मी ऋणी आहे.

मग तुम्ही जुनी चिठ्ठी खिळ्यावरून काढलीत, कोरे कार्ड घेतलेत आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेत: 'ट्रॉल जाळ्याचा तुकडा. पॉलिथिलीन. पाण्यावर तरंगतो.' तिथे थांबून तुम्ही बाबांना विचारलेत, "काका, तुमचे पूर्ण नाव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर तुम्हाला कळली असेल की नाही, ठाऊक नाही. नाव विचारले जाण्याचा त्यांचा अनुभव मी वर लिहिलाच आहे. त्यांनी नाव सांगितले ते अगदी हळू आवाजात, चौकीत सांगावे तसे. तुम्ही कार्डाच्या खालच्या ओळीत 'ओळख पटवणारे:' असे लिहून पुढे 'श्री.' लावून त्यांचे नाव आणि 'सातपाटी' लिहिलेत, कार्ड त्यांच्यासमोर धरून मोठ्याने वाचलेत आणि विचारलेत, "बरोबर आहे ना?" आजोबांच्या नावातला एक ऱ्हस्व चुकला होता. बाबांनी तो दाखवला. तुम्ही खाडाखोड न करता दुसरे कार्ड घेऊन सगळे पुन्हा लिहिलेत.

महाविद्यालयात असताना वाळवलेल्या वनस्पतींच्या कागदांवर, ती कोणी ओळखली त्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव असे कोपऱ्यात लिहिलेले मी पाहिले होते. ते नाव माझ्या घरातल्या कोणाचे असू शकते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. तुम्हाला ते कार्ड लिहायला फार तर दोन मिनिटे लागली असतील, आणि दुसऱ्यांदा लिहायला आणखी दोन. त्या दुसऱ्या दोन मिनिटांसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

आमच्याकडे निसर्ग वाचवायला येणारी बरीच माणसे आधी सांगतात आणि मग, वेळ उरला तर, विचारतात. उलट्या क्रमाने चालणारी माणसे थोडी असतात, पण असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला कासवांच्या अंड्यांचे काम हाती घेतले, तेव्हा गावातल्याच माणसांना सोबत घेतले. वाळूवरच्या मागावरून घरटे कुठे आहे ते ओळखणारे डोळे त्यांच्याचकडे होते. २०१८च्या डिसेंबरात शासनाने ठरवले की संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. ती रक्कम कापलेल्या जाळ्याला पुरते की नाही यावर आमच्या ओट्यावर रोज वाद होतो, परंतु कासव सोडणाऱ्याचेही नुकसान होते, एवढे कागदावर कबूल झाले याचे समाधान बाबांना आहे. तुमचे कार्ड त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की त्यासाठी कोणता निर्णय निघावा लागला नाही.

घरी आल्यावर बाबांनी कोणाला काही सांगितले नाही. मीच सांगितले, आणि त्यांनी ऐकू येत नसल्यासारखे केले. मात्र दुसऱ्या दिवशीपासून ते सकाळी काठी टेकत बंधाऱ्यापर्यंत जातात आणि वाळूवर लागलेले जाळ्यांचे तुकडे उचलून आणतात. आमच्या मोरीतली बादली आता कायमची अंगणात असते. पोहणाऱ्या तुकड्यांचा एक ढीग आहे आणि बुडणाऱ्यांचा दुसरा. आई या दोन्ही ढिगांवर नाराज आहे, पण वर्गातली मुले रविवारी येऊन धागे पिळून देतात, त्यामुळे तिचे चालत नाही.

या पत्रासोबत बाबांनी तुमच्यासाठी एक पुडके दिले आहे. त्यात वागऱ्याचा हातभर खरा तुकडा आहे, 'पापलेटचे जाळे' या चिठ्ठीसाठी. दुसरा तुकडा माझ्या आजोबांच्या हातचा, सण नावाच्या झाडाच्या तंतूंच्या सुताचा, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवलेला. नायलॉन येण्याआधी आमच्या घरी अशीच जाळी होती, आणि अशी जाळी समुद्रात हरवली तर काही काळाने कुजून जात, असे बाबा सांगतात. हा तुकडा त्यांनी पेटीच्या तळातून काढला तेव्हा मी त्यांना म्हटले, की याच्यावर आपणच चिठ्ठी लिहून पाठवू, माझे अक्षर चांगले आहे. ते नाही म्हणाले. कोरे कार्ड सोबत जोडले आहे. ते तुम्ही लिहावे आणि आजोबांच्या नावातला दुसरा ऱ्हस्व या वेळी जपून लिहावा, असा त्यांचा निरोप आहे.

आपली,
सातपाटीच्या त्या काकांची मुलगी