चार देणी एका गठ्ठ्यात बांधण्याआधी

ती. आई आणि बाबा यांना,
सा. नमस्कार.

बाबा, 'एका कर्जात चारही देणी मिटवून देतो' म्हणणाऱ्या त्या माणसाच्या कागदाचा तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तुम्ही 'बघू, बघू' म्हणता, आई मागून भलतंच काहीतरी विचारते आणि आकडे राहूनच जातात. म्हणून लिहायला बसले. कॅल्क्युलेटर जवळ घेऊन वाचा, घाई नाही.

एक मोठं कर्ज काढून बाकीची फेडून टाकायची, ही तुमची कल्पना मला मुळातच नापसंत आहे असं समजू नका. चार तारखा, चार मेसेज, आणि कुठली तारीख चुकली की काय म्हणून आईने रात्री उठून डायरी उघडायची, हे थांबायलाच हवं. पण त्या माणसाने चारही देणी एका गठ्ठ्यात बांधली आहेत आणि ती चार एका जातीची नाहीत. क्रेडिट कार्डाची बाकी, पतसंस्थेचं कर्ज, फ्रिजचे राहिलेले हप्ते आणि मामाचे उसने पैसे. यातलं खरं जाळणारं एकच आहे: कार्ड.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल कार्डावर टाकलं तेव्हा दुसरा इलाज नव्हता, त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हणायचं कारण नाही. पण तेव्हापासून तुम्ही दर महिन्याला बिलावरची 'किमान रक्कम' भरताय आणि तारीख पाळली म्हणून निश्चिंत होताय. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दर लिहिला आहे, महिन्याला 3 टक्के. किमान रक्कम आहे बाकीच्या 5 टक्के. हिशेबाला सोपं म्हणून बाकी एक लाख धरू. नवीन काहीही खरेदी न करता वर्षभर न चुकता किमान रक्कम भरली, तर वर्षात सुमारे 55 हजार खिशातून जातात आणि बाकी उतरते जेमतेम 23 हजारांनी. उरलेले 32 हजार व्याजात गेले. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. वीजबिल आपोआप त्याच कार्डातून जातं ना? त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. ते आधी बंद करा.

म्हणजे कार्ड फेडायलाच हवं, आणि त्यासाठी स्वस्त कर्ज काढलं तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती या कागदाला. त्यावर ठळक अक्षरात 10 टक्के लिहिलंय आणि खाली, बाबा, 'फ्लॅट' असा एक शब्द आहे. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पाचही वर्षं मूळ पूर्ण रकमेवरच धरणार. एक लाखावर वर्षाला 10 हजार, पाच वर्षांचे 50 हजार, दीड लाख भागिले 60 महिने, हप्ता 2,500. ज्या बँकेत तुमचं पेन्शन जमा होतं तिथे मी चौकशी केली. त्यांचा दर 14 टक्के, पण घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज. तीच पाच वर्षं धरली तर लाखाला हप्ता बसतो 2,327. दहा टक्केवाल्यापेक्षा चौदा टक्केवाल्याचा हप्ता कमी! मी तीनदा करून पाहिलं, कारण माझाही विश्वास बसेना. घटत्या शिलकीच्या भाषेत त्या माणसाचे 10 टक्के 17 टक्क्यांच्याही वर जातात. अशी जाहिरात करणाऱ्यांचा मला राग येतो, पण ते राहू दे.

आता मुदतीचं. तुम्ही म्हणालात, 'हप्ता निम्म्यावर येतोय, आणखी काय पाहिजे?' हप्ता खाली येतो तो थोडा दरामुळे आणि थोडा वर्षं वाढल्यामुळे. बँकेचंच 14 टक्क्यांचं कर्ज पाच वर्षांऐवजी तीन वर्षांत फेडलं तर लाखाला हप्ता 3,418 येतो आणि एकूण व्याज साधारण 23 हजार. पाच वर्षांत तेच व्याज 39 हजारांच्या पुढे जातं. तुम्हाला लाखामागे 2,500 झेपतात असं तुम्हीच लिहिलंय. वरचे 918 मी भरणार. नको म्हणाल हे ठाऊक आहे. पण तुम्हाला सत्तराव्या वर्षानंतर दोन वर्षं जास्त हप्ते भरताना बघणं मला जास्त जड जाईल. आणि सहअर्जदार म्हणून माझी सही लागली तर देईन. त्याचा अर्थ मला कळतो, तुमचा हप्ता चुकला तर बँक माझ्याकडे येणार आणि ते माझ्याही कर्जाच्या नोंदीत दिसणार. त्याची काळजी तुम्ही करू नका.

पण त्याआधी ठेवींचं बघू या. तुमच्या दोन मुदत ठेवी आहेत. 'त्या आजारपणासाठी' म्हणून त्यांना हात लावायचा नाही, आणि आजारपण आलं तेव्हा खर्च गेला कार्डावर! एका हाताने 7 टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने महिन्याला 3 टक्के द्यायचे, याला सावधपणा कसं म्हणायचं? मोठी ठेव राहू द्या, खरंच राहू द्या, तिच्या जिवावर तुम्हाला झोप लागते. लहान मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात एखादा टक्का कापतील, वर्षाच्या हिशेबाने तो कार्डाच्या दोन आठवड्यांच्या व्याजाहूनही कमी आहे. मोडायला मन घेत नसेल तर ठेवीवर उचल मिळते, ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के वर. कार्डाची जेवढी बाकी त्यातून जाईल तेवढं नवं कर्ज लहान होईल.

फ्रिजच्या हप्त्यांना हात लावायचा नाही. ते शून्य व्याजाचे आहेत, थोडेच उरलेत. मुदतीआधी बंद करायला वेगळा आकार भरायचा आणि वर त्याच पैशांवर पाच वर्षं व्याज द्यायचं, हे कोणाच्या फायद्याचं? पतसंस्थेचा दर 12 टक्के आहे, बँकेच्या कर्जापेक्षाही कमी. तेही जिथे आहे तिथेच बरं.

राहिले मामाचे पैसे.

आकडे बघितले तर ते सगळ्यात शेवटी फेडायचे, कारण त्यांना व्याजच नाही. पण बाबा, या चौघांत तुम्हाला सगळ्यात जड तेच आहेत, हे मला कागद बघताच कळलं. त्या माणसाने यादी केली तेव्हा पहिला आकडा तुम्ही मामाचा सांगितलात. मेहुण्याकडून घेतलेले पैसे, त्यातून तो कधी विचारत नाही, आणि तो विचारत नाही म्हणूनच तुम्ही त्यांच्याकडे जाणं कमी केलंय. आई, तू म्हणतेस 'माझाच भाऊ आहे, त्याला काय वाटणार', पण वाटतं ते बाबांना. त्यावर 'व्याज नाही ना, मग राहू द्या' असं मी म्हणणार नाही. फक्त या कर्जातून त्यांचे फेडू नका. मामाला बिनव्याजी देणं आहे ते 14 टक्क्यांच्या कर्जात बदललं तर कळल्यावर तोच आधी रागावेल. त्यापेक्षा त्याला सांगा की दर महिन्याच्या पाच तारखेला अमुक इतके देत जाईन, आणि तेवढे द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख मोडायची नाही. तो 'कशाला, कशाला' म्हणेल. म्हणू दे.

कर्ज मंजूर झालं तर पैसे तुमच्या खात्यात पडून राहायला नकोत, त्याच दिवशी कार्डाकडे जायला हवेत. बिलावरचा आकडा भरून खातं शून्य होत नाही, हे लक्षात ठेवा. बिल निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. थोडंसंच असतं, पण 'आपण तर सगळं फेडलं' म्हणून ते बिल उघडलंच नाही तर पुन्हा दंड, पुन्हा व्याज. शून्य दिसलं की बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या आणि कार्डाची मर्यादा कमी करायला सांगा. रिकामं झालेलं कार्ड पहिल्या मर्यादेसह खिशात ठेवणं मला नको वाटतं. तुम्ही उधळे नाही, पण पुढचं ऑपरेशन, पुढची गळती, पुढचं लग्न, काहीतरी येतंच, आणि मग कर्जाचा हप्ता एकीकडे आणि कार्डाची बाकी दुसरीकडे.

त्या माणसाचा फोन येईल, 'ऑफर आजच्यापुरती' म्हणेल. सही करायची नाही. त्याला एवढंच लेखी मागा: घटत्या शिलकीवर दर किती, प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात नेमके किती येणार, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. कागदावर विम्याची रक्कम कर्जातच मिळवलेली दिसते आहे, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही व्याज. हा विमा घ्यायलाच हवा का, हेही विचारा. तो लेखी द्यायला टाळाटाळ करू लागला तर मला फोन लावून द्या, पुढचं मी बोलते.

आई, कार्डाच्या मागच्या सहा महिन्यांच्या बिलांचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. आणि डायरीतल्या मामाच्या पानाचाही. बाबा म्हणतात त्यापेक्षा थोडे जास्त परत गेलेत असं मला वाटतंय, जुळवून बघते.

तुमची लेक