अण्णा, चादरींची डिझाइनं हाती आली

अण्णा, सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या जकार्ड (मागावर नक्षी विणण्याची पद्धत) डिझाइन विभागातर्फे हे जाहीर आभार. चादरींची डिझाइनं असलेली आमची डिस्क बिघडली होती, आणि तुम्ही तिच्यातून ती वाचवलीत.

सर्वांत आधी आभार चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू न दिल्याबद्दल. ते नोंदी जुळवायला त्याच डिस्कवर लिहितं, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. स्मार्ट अहवालातली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातली, १९७ क्रमांकाची ओळ तुम्ही बोट ठेवून दाखवलीत: वाचता येईना, पण अजून बदललेही नाहीत असे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. ५ क्रमांकापुढे, म्हणजे बदललेल्या सेक्टरांच्या ओळीत, शून्य असलं म्हणून डिस्क ठणठणीत नसते.

यूएसबीची केस काढून डिस्क थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलला लावलीत हेही मोलाचं. खराब सेक्टर आला की त्या केसमधलं सर्किट अनेकदा अडकतं आणि डिस्कच दिसेनाशी होते. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे उतरवणारा प्रोग्राम. कमांड देण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर दोनदा ताडून पाहिलेत, कारण आधी जुनी, मग नवी हा क्रम उलटला तर चांगला डेटाच पुसला जातो. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने: सहज वाचता येईल ते आधी उचलायचं, खराब भाग खरवडत बसायचं नाही. दुसरी फेरी थेट वाचनाचा ‘डी’ पर्याय आणि तीन प्रयत्न देऊन. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल चांगल्या डिस्कवर ठेवलीत, त्यामुळे लाइट गेली तरी काम राहिलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. धडधाकट ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने दीड तासाच्या आत उतरते. अशा डिस्कला दिवस लागतात, आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिच्यावर पंखा हवाच. टकटक आवाज येत असेल तर मात्र वीज बंद करून थांबायचं, हेही तुम्ही बजावलंत.

इमेज, म्हणजे डिस्कची उतरवलेली जशीच्या तशी प्रत, फक्त वाचण्यापुरती माउंट करून (उघडून) फाइली काढल्यात, तिथे कुणीही थांबलं असतं. तुम्ही इमेजची आणखी एक प्रत केलीत, न वाचलेल्या सेक्टरांत डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या सोयीने खुणेचा शब्द भरलात आणि तो शब्द कोणत्या फाइलींत सापडतो ते शोधलंत. म्हणून भोक पडलेली डिझाइनं वेगळ्या फोल्डरात आली, आणि एकही मागावर चढलं नाही.

आपले,
डिझाइन विभागातले सर्वजण
सोलापूर