ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक स्टिअरिंग व ब्रेकच्या सदोष दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अधिकृत वर्कशॉपमध्ये दुरुस्तीनंतरही स्टिअरिंग व ब्रेकमधील दोष कायम राहिल्याबाबत.

महोदय,

रावेर तालुक्यात माझी केळीची बागायत आहे. आपल्या कंपनीचा जुना ट्रॅक्टर मी शेतीबरोबरच, रीतसर परवानगीने तोडलेल्या निंब-बाभळीचे ओंडके साखळीने ओढून रस्त्यापर्यंत आणण्यासाठी व ट्रॉलीतून वखारीत पोहोचवण्यासाठी वापरतो. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या तक्रारीसाठी तो आपल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेला असता तेथे स्टिअरिंग युनिट (चाकाखालचा, तेल सोडणारा भाग) व ब्रेकच्या प्लेटा बदलण्यात आल्या आणि त्याचे पूर्ण बिल मी चुकते केले. स्टिअरिंगचा दोष मात्र जसाच्या तसा आहे आणि ब्रेकची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली आहे.

स्टिअरिंगचे चाक एका बाजूला पूर्ण वळवून तसेच जोर देऊन धरले, तर पुढची चाके टोकाला टेकलेली असतानाही ते हातात सावकाश फिरतच राहते. याचा अर्थ आतल्या आत तेल निसटते आहे. ते युनिटमधून निसटत असेल किंवा तेलाच्या दाबाने पुढची चाके वळवणाऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवरील सीलमधून. सिलिंडरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून तोंडे घट्ट बंद केली, की कोठे गळते हे समजते : तरीही स्टिअरिंगचे चाक फिरत राहिले तर दोष युनिटमध्ये, आणि जागीच अडले तर सिलिंडरमध्ये. ही साधी तपासणी न करता थेट महागडे युनिट बदलले गेले आणि सिलिंडर उघडूनही पाहिला नाही. या ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगचे चाक व पुढची चाके यांना जोडणारा दांडा नाही, सगळी भिस्त तेलावर आहे. त्यातच ओंडका ओढताना पुढचा भाग हलका होत असल्याने अशा स्टिअरिंगवर भरवसा ठेवून काम करणे धोक्याचे आहे.

ब्रेकबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. डाव्या-उजव्या पेडलची मोकळी चाल (ब्रेक पकडण्याआधी पेडल जितके खाली जाते ते अंतर) सारखी नाही, त्यामुळे दोन्ही पेडल खिट्टीने जोडून दाबली तरी डावा ब्रेक आधी पकडतो. पाल गावाकडून खिरोद्याच्या बाजूला घाटातून भरलेली ट्रॉली उतरवताना माझा पुतण्या ट्रॅक्टर चालवत होता. त्याने ब्रेक लावताच ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला आणि स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रॉलीने मागून रेटा दिला. त्याने उताराच्या आधीच खालचा गिअर टाकला होता म्हणून ट्रॅक्टर साइडपट्टीच्या मुरमात थांबला. त्या क्षणी त्याच्या जिवावर बेतले होते, ही गोष्ट आपण कृपया हलकी समजू नये.

याशिवाय ब्रेक दाबल्यावर मागून खरखर ऐकू येते आणि पायाखाली थरथर जाणवते. हा त्रास दुरुस्तीपूर्वी नव्हता. हे ब्रेक तेलात बुडालेले असून त्यांना त्यासाठीचेच तेल लागते, असे आपल्याच माहितीपुस्तकात छापले आहे. बिलावर मात्र साधे गिअर ऑइल लिहिलेले आहे. चुकीच्या तेलाने ओल्या ब्रेकच्या प्लेटा कर्कश आवाज करतात, हे आपल्या मेकॅनिकला माहीत असायला हवे होते. हे सारे दाखवल्यावर मला मिळालेले उत्तर, “जुना ट्रॅक्टर आहे, असेच चालायचे.” ट्रॅक्टर जुना आहे हे मला मान्य आहे, परंतु पेडलची असमान चाल आणि चुकीचे तेल यांचा त्याच्या वयाशी काहीही संबंध नाही.

तरी आपला जाणकार अभियंता पाठवून माझ्यासमोर वरील तपासणी करावी, सिलिंडर दोषी निघाल्यास विनाकारण बदललेल्या युनिटची रक्कम परत करावी, योग्य तेल भरून दोन्ही ब्रेक समान जुळवून द्यावेत, प्लेटा खराब झाल्या असतील तर त्या विनामूल्य बदलाव्यात आणि केलेल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा. तोपर्यंत ट्रॅक्टर घाटात न नेण्याचे मी ठरवले आहे, त्यामुळे होणारे वाहतुकीचे नुकसान मी सोसतो आहे.

हा ट्रॅक्टर माझ्या स्वयंरोजगाराचे साधन आहे. पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणे मला भाग पडेल.

आपला,
एक ग्राहक, रावेर, जि. जळगाव

सोबत : बिल, जॉब कार्ड व माहितीपुस्तकातील तेलाविषयीच्या पानाची प्रत.