आईच्या व्यायामाविषयी, आई-बाबांना

ती. आई व ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईच्या वतीने बाबाच उत्तर देतात आणि आई हसून दुसरेच काही काढते, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे. आईने आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा, म्हणजे ताकद वाढवणारा व्यायाम सुरू करावा की नाही, हे आईनेच ठरवायचे आहे. फक्त ते ऐकीव गोष्टींवर ठरू नये.

आई, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे तुझे रोजचे चालणे उत्तम आहे आणि ते सोडायचे नाही. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला त्याचा उपयोग होतो. पण चालण्याने खांदे, पाठ आणि हात यांना फारसे काम पडत नाही, आणि ज्या वेगाची पायांना वर्षानुवर्षे सवय झाली आहे, त्या वेगाने त्यांची ताकदही विशेष वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाच्या व्यायामाखेरीज, किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. पासष्टीनंतर तर ताकद आणि तोल यांवर तीन दिवस भर द्यावा, असे म्हटले आहे.

दिवाळीत मी पाहत होते. पूजा आटोपून पाटावरून उठताना तू आधी एक हात गुडघ्यावर रोवतेस, दुसरा देवघराच्या कडेला धरतेस आणि मग श्वास रोखून अंग वर खेचतेस. तू याचा सगळा दोष गुडघ्यांना देतेस, पण शरीर वर उचलण्याचे काम मुख्यतः मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे असते, आणि ते दुबळे झाले की गुडघ्यांवरचा ताण वाढतो. शिवाय पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हाडे जपणारे संप्रेरक घटते आणि पुढची काही वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात. हाडांवर भार पडला, तरच ती तो पेलण्यासाठी स्वतःला बळकट करतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास चांगली जड वजने उचलली, त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र १.२ टक्के घटली.

बाबा, तुमचे म्हणणे असे की घरकामात पुरेसा व्यायाम होतो. होतो, पण आईची बादली आणि कुकर गेली तीस वर्षे तेवढ्याच वजनाचे आहेत. ताकद वाढायची तर ओझे हळूहळू वाढावे लागते. वयाचे म्हणाल, तर १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने सरासरी १७४ टक्के वाढली होती. मावशीला वाटते तसे अंग पुरुषी होण्याची धास्तीही नको. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे संप्रेरक, पुरुषांच्या मानाने फारच कमी असते. आपल्या जिल्ह्यातल्या मनमाडच्या मुली वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांसाठी वर्षानुवर्षे घाम गाळतात, तेव्हा कुठे त्यांचे शरीर तसे घडते.

आधी डॉक्टरांना विचारून हाडांची डेक्सा, म्हणजे घनता मोजणारी, तपासणी करून घ्यावी. हाडे विरळ निघाली, तर पाठ वाकवून, कंबर पिळून काहीही उचलायचे नाही. सुरुवात घरीच होऊ शकते: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. अगदी सहज जमू लागले की भार वाढवावा. जोर लावताना श्वास सोडावा, रोखू नये, कारण रोखला की रक्तदाब एकदम चढतो. त्याच स्नायूंना पुन्हा कामाला लावण्याआधी मध्ये एक दिवस विश्रांती हवी. सांध्यात तीव्र कळ आली तर थांबावे, दुसऱ्या दिवशी अंग थोडे दुखले तर घाबरू नये.

पुढे जिममध्ये जायचे ठरले, तर शिकवणारी व्यक्ती नीट पारखून घ्यावी. मागे आपण पाहायला गेलो होतो, तिथल्या मुलाने तुला पाहताच ट्रेडमिलकडे बोट दाखवले आणि वर गुलाबी डंबेलची जोडी दिली, जी तुझ्या भाजीच्या पिशवीपेक्षा हलकी होती. अशा ठिकाणी पैसे भरू नयेत.

जेवणाचेही पाहावे लागेल. या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, म्हणजे तुला साधारण साठ ग्रॅम (मूत्रपिंडाचा त्रास नाही ना, हे मात्र डॉक्टरांकडून समजून घे). दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दही आणि पनीर हवे. रविवारच्या मिसळीतली मटकी हिशेबात धरायला हरकत नाही, तर्री नको.

बाबा, पासष्टीनंतरचा सल्ला तुम्हालाही लागू आहे. आईबरोबर खुर्चीवरून उठण्या-बसण्याला सुरुवात केलीत तर उत्तमच. आई, डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या नोंदींची वही आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर ने. रबरी पट्टे कुरिअरने पाठवते आहे. त्यांतला सर्वांत सैल पट्टा आधी वापर आणि घट्ट पट्टे मी येईपर्यंत कपाटातच राहू देत.

तुमची,
मनू